वैशाख आणि इंजिनातला गाळ

वैशाख लागला की मी दुपारची झोपत नाही. सोलापुरात या दिवसांत बारानंतर शहाणं माणूस दार लावून आडवं होतं. खिडक्यांना ओल्या चादरी लागतात, माठाखालच्या वाळूवर पाणी शिंपडलं जातं आणि चार वाजेपर्यंत गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नाही. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर. या वयाला झोप हवीच, असं शेजारच्या सूनबाई रोज सांगतात. मी हो म्हणते, दार लावते आणि खुर्चीत बसून राहते. डोळा लागला तर एकच दुपार सबंधच्या सबंध येऊन उभी राहते. जागेपणी निदान ती मला माझ्या बेतानं, थोडी थोडी आठवता येते.

त्या वैशाखात मी चोवीस वर्षांची होते.

आम्ही दोघी बहिणी तेव्हा नव्या पेठेच्या मागच्या अंगाला भाड्यानं राहत होतो. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मुंबईला राहून डॉक्टरीण झालेली. पुढच्या दोन खोल्यांत तिचा दवाखाना, मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी आणि गणित शिकवत होते. आईवडील दोघंही गेले होते, त्यामुळे आमच्या लग्नाची काळजी वाहणारं कुणी नव्हतं, आणि आम्हालाही त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. दिवसभर बायकांची रीघ असे. गिरणीत कामाला जाणाऱ्या, साळ्यांच्या घरातल्या, तेलुगू बोलणाऱ्या, कानडी बोलणाऱ्या. ताईला सगळ्यांचं दुखणं कळत असे, भाषा कळो न कळो.

मोटार आली ती खेड्यांतल्या बोलावण्यांमुळे. टांगा करून दहा-बारा मैल जायचं म्हणजे अर्धा दिवस वाटेतच जाई. एका गिरणीतला साहेब मायदेशी परतताना आपली जुनी, कापडी टपाची मोटार विकायला निघाला, ती ताईनं घेतली. पण ताईला काही ती वश होईना. गर्दीत बैलगाडी आडवी आली की ती चाक सोडून हात जोडायची. शेवटी चालवायला मी शिकले. कासीमभाई मिस्त्रींनी शिकवलं. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं कारखानावजा दुकान होतं. साठीचे, बारीक अंगाचे, दाढीला मेंदी लावणारे. "बाई, गाडीकू दबाना नै, समझाना," असं म्हणत त्यांनी मला महिनाभर मैदानात फिरवलं. पुढं पुष्कळ दिवस मी मोटार घेऊन निघाले की माणसं दुकानातून उठून बाहेर येत. मला ते आवडायचं. आज लिहायला हरकत नाही, फार आवडायचं.

आणि शेवंता. ती आमच्याकडे पाच वर्षं होती. सुरुवातीला झाडलोट करायला आली आणि हळूहळू ताईचा उजवा हात झाली. पाणी उकळणं, हत्यारं धुणं, घाबरलेल्या पोरींना धीर देणं सगळं ती करायची. अक्कलकोटच्या रस्त्याला तिचं माहेर. घरात कानडी, आमच्याशी मराठी. आदल्या खेपेला तिला मुलगी झाली होती आणि ती नवव्या दिवशी गेली. या खेपेला सातव्या महिन्यात माहेरी जाताना तिनं ताईकडून वचन घेतलं होतं. मला म्हणाली, "धाकट्या बाई, मोटार तयार ठिवा बरं का. मोठ्या बाईंस्नी घिऊन तुमीच यायचं." मी म्हटलं, तू निरोप धाड, तासाभरात दारात असेन.

शाळेला सुट्टी लागली आणि इंजिनानं कुरबूर सुरू केली. मागून निळा धूर यायचा. चढाला आतून टक्‌टक्‌ आवाज. पुढच्या फळीवर तेलाचा दाब दाखवणारा काटा असे, तो पूर्वी ताठ उभा राहायचा. आता निम्म्यावर येऊन मान टाकायचा. कासीमभाईंनी तेल मोजायची पट्टी बाहेर काढून माझ्यापुढं धरली. तिच्यावर तेल नव्हतं. काळं, दाट, काजळ लोण्यात कालवावं तसं काही होतं. त्यांनी ते बोटांत चोळलं आणि मला सांगितलं की ही मोटार गावातल्या गावात फिरते, दोन मिनिटं चालते, पुन्हा थांबते. इंजिन पुरतं तापत नाही. आतली वाफ, धूर आणि आपल्या सोलापूरची धूळ तेलात मुरते आणि त्याचा असा गाळ होऊन बसतो. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, खाली उतरवून सगळा गाळ हातानं खरवडायला पाहिजे. तेलाच्या वाटा एकेक करून धुवायला पाहिजेत. चार दिवस तरी लागतील.

चार दिवस मोटार बंद. शेवंताचे दिवस भरत आले होते. मी घरी येऊन मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की जुनं तेल काढून घासलेट भरावं, इंजिन काही मिनिटं सावकाश चालू ठेवावं, ते काढून टाकावं आणि नवं तेल घालावं. तासाभराचं काम. मी पुस्तक घेऊन परत कासीमभाईंकडे गेले आणि त्यांना तो उतारा मराठीत वाचून दाखवला. वर्गात वाचावा तसा, एकेक शब्द तोडून.

त्यांनी तो ऐकून घेतला. मग म्हणाले, "बाई, ये किताब नवे गाडीकी है. ये गाडी बुड्ढी हुई. बुड्ढे पेटकू एकदम जुलाब नै देते." त्यांचं म्हणणं होतं की घासलेटनं थोडा गाळ विरघळेल, पण बाकीचा सुटा होऊन खाली येईल आणि तेल जिथून ओढलं जातं त्या जाळीत जाऊन बसेल. मग इंजिनाला तेलच मिळणार नाही. मी म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्यांनी मोटार बनवली आहे, त्यांना कळत नसेल का? ते गप्प बसले. अक्षरओळख नसलेल्या माणसाला पुस्तक दाखवलं की तो गप्प बसतो हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी पुस्तक नेलं होतं.

घरी ताईनं विचारलं, मिस्त्री काय म्हणतात? मी सांगितलं, तासाभरात होईल म्हणतात.

ती संध्याकाळ मला फार स्पष्ट आठवते. घासलेटचा वास, पत्र्याच्या छपराखाली साठलेलं दिवसभराचं ऊन, गिरणीचा भोंगा झाला तेव्हा घरी निघालेल्या माणसांची रस्त्यावरची पावलं. खालचा बूच काढल्यावर पाटीत काळाकुट्ट चिखल पडला. आधी धारेनं, मग गोळ्या गोळ्यांनी. इतका गाळ बाहेर आलेला पाहून मला जिंकल्यासारखं झालं. नवं तेल घातलं, पुढचं हँडल फिरवून इंजिन सुरू केलं, आणि काटा ताठ उभा राहिला. कासीमभाईंनी काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले की दोन दिवस गावातच चालवा, लांब नेऊ नका, मग मी पुन्हा बघतो. मी बरं म्हटलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी शेवंताचा थोरला भाऊ धोंडिबा दवाखान्याच्या दारात आला. कुणाची तरी सायकल मागून आणली होती. घामानं अंगरखा पाठीला चिकटलेला, ओठ पांढरे पडलेले. पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधीच त्यानं सांगितलं की पहाटेपासून कळा आहेत, सुईण म्हणते मूल आडवं आहे. ताईनं बॅग उचलली. दारात टांगा उभा होता, एका पेशंटला घेऊन आलेला. टांगेवाल्यानं विचारलंसुद्धा, येऊ का म्हणून. मी म्हटलं, नको, मोटार आहे.

हे वाक्य मी आजवर किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. मनातल्या मनात मी ते बदलून पाहते. दोनच शब्द बदलायचे असतात.

साडेबाराला निघालो. धोंडिबा मागं बसला, बॅग मांडीवर धरून. गाव मागं पडलं आणि मी वेग वाढवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, भेगाळलेली, त्यांवरून वाफा उठत होत्या. वारा नव्हता. जो होता तो तोंडावर तव्याची धग आल्यासारखा. पाच मैल काटा ताठ होता. सहाव्या मैलाला तो हलला. मी पाहिलं. निम्म्यावर आला, पुन्हा वर गेला आणि मग हळूहळू, जसं काही तो दमला आहे, तसा खाली खाली जाऊन तळाशी टेकला.

तिथं थांबायला हवं होतं. इंजिन बंद करून जाळी साफ करता आली असती असं नव्हे, ते मला जमलं नसतं. पण निदान इंजिन वाचलं असतं. मी थांबले नाही. मी मनात म्हणत होते, आणखी आठ मैल, फक्त आठ मैल. ताई शेजारी बसून घड्याळ बघत होती, तिला काट्याचं काही ठाऊक नव्हतं. आवाज आधी बारीक होता, मग हातोडा मारल्यासारखा झाला, आणि सातव्या मैलाच्या दगडापुढं एक जबरदस्त धक्का बसून सगळं थांबलं. त्यानंतर जी शांतता झाली तशी मी पुन्हा कधी ऐकली नाही. मी खाली उतरून हँडलला हात घातला. ते तसूभरही फिरेना. मी सगळा भार टाकून लोंबकळले, तरी फिरेना.

धोंडिबा म्हणाला, "धाकट्या बाई, राहू द्या. हातास्नी फोड येतील."

ताईनं बॅग घेतली आणि चालायला लागली. आम्ही तिच्या मागून. वैशाखातली दुपारची एक वाजताची वाट. लिंबाचं एखादं झाड दिसलं की तिथवर पोचायचं, मिनिटभर सावलीत थांबायचं, पुन्हा चालायचं. धोंडिबा रानं तुडवत वस्त्यांवर गाडी बघायला पळत होता. एका वस्तीवर बैल होते पण गाडी नव्हती, दुसरीकडे गाडी होती तर बैल चरायला गेलेले. सायकल आमच्या दारात ठेवून तो आमच्याबरोबर मोटारीत बसला होता, लवकर पोचू म्हणून. दोन तास गेले. शेवटी कडबा भरलेली एक गाडी मागून आली. गाडीवानानं काही न विचारता अर्धा कडबा रस्त्याच्या कडेला उतरवला आणि आम्हाला वर घेतलं. बैल बिचारे आपल्या चालीनं चालले. बैलांना कसं सांगणार? ताई सरळ पुढं बघत बसली होती. मी तिचे हात बघत होते. ते मांडीवर उताणे पडले होते, रिकामे.

साडेपाचला पोचलो. टांगा केला असता तर तीनला पोचलो असतो.

मी गणित शिकवणारी. वेग, अंतर, वेळ यांची उदाहरणं मी हजारो मुलींकडून सोडवून घेतली. एक मोटार ताशी इतक्या वेगानं जाते, एक टांगा तितक्या. फळ्यावर खडूनं लिहिताना मधेच माझा हात थांबे. मुलींना वाटे, बाई आकडा विसरल्या.

शेवंताच्या घरी मी बाहेरच बसले होते. आत तिची आई "नीरु, नीरु" म्हणत होती; पाणी मागत होती, आणि मी घागरी उचलून दाराशी देत होते. शेवंता ओरडत नव्हती. तिचा आवाजच संपला होता. दिवेलागणीच्या आधी ताई बाहेर आली आणि ओट्यावर भिंतीला टेकून बसली. मुलगा होता. गेलेला होता. शेवंता वाचेल, असं ती म्हणाली. आतून बरंच फाटलं होतं, टाके घातले होते. पुन्हा मूल होणं कठीण. आणि ते झालंही नाही, हे आता मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी बैल जोडून मोटार कासीमभाईंच्या दुकानात ओढून आणली. मला वाटलं होतं, ते काहीतरी बोलतील. बोलावं, अशी माझी इच्छा होती. त्यांनी फक्त विचारलं की बाळंतीण कशी आहे. मी सांगितलं. ते पाना घेऊन मोटारीखाली सरकले. चेंबर खाली उतरलं. जाळी त्यांनी सोडवून माझ्या हातात दिली. तळहातात मावेल एवढी गोल जाळी, तारांची. एकही भोक उघडं नव्हतं. मेण लिंपावं तसा गाळ बसला होता. आत बेरिंगांचा पांढरा धातू वितळून ओघळला होता आणि तिथंच थिजला होता.

मी पदर खोचून बसले. बांबूची चपटी कांब, घासलेटचं डबडं, गिरणीतून आणलेला सुताचा गुंता. तीन दिवस मी तो गाळ खरवडत होते. वरचा थर मऊ होता, बोटानं निघायचा. त्याखालचा चामड्यासारखा. अगदी तळाचा कोळशासारखा टणक, तो कांबीनं तासावा लागे. साहेबाच्या वेळचाही त्यात असेल. हळूहळू, एकेका फेरीला कणाकणानं साठत गेलेला, आणि वरून मोटार मात्र मी रोज ओल्या फडक्यानं पुसून लखलखीत ठेवत होते. नखांत काळं गेलं ते पुढं महिनाभर निघालं नाही. कासीमभाई अधूनमधून येऊन बघत आणि जिथं राहिलं असेल तिथं बोट ठेवत. एवढंच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, तुम्ही मला अडवलं का नाही? हात का धरला नाही? त्यांना प्रश्न खरोखरच कळला नाही असं दिसलं. म्हणाले, "बाई, तुमे पढेले लोगां. मै कैसा हात पकडता?"

चौथ्या दिवशी ताई टाके बघायला निघाली. टांग्यानं. मीही गेले. सातव्या मैलाच्या दगडापाशी रस्त्यावर तेलाचा काळा डाग होता, धुळीनं अर्धा झाकलेला. तिथं मी ताईला सगळं सांगितलं. पुस्तक, कासीमभाईंचं म्हणणं, तासाभरात होईल हे माझं खोटं, पडलेला काटा. ताई ऐकत होती. मला वाटलं, ती आता मला टांग्यातून खाली उतरायला सांगेल. ती म्हणाली, "मला तेव्हाच शंका आली होती. कासीमभाई तासाभरात काम उरकणारा माणूस नाही. पण मलाही मोटार बंद नको होती, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही."

या बोलण्यानं माझं ओझं हलकं झालं असं लोकांना वाटेल. झालं नाही. उलट तोवर जे माझं एकटीचं होतं त्यात आता तीही आली. ताई पुढं तीस वर्षं त्याच गावात बाळंतपणं करत राहिली. शेवटच्या आजारात ती मला म्हणायची, खिडकी उघड, उकडतंय; आणि बाहेर पौषातली थंडी असायची. आम्ही दोघींनी त्या टांग्यातल्या बोलण्यानंतर हा विषय कधी काढला नाही. रागानं नव्हे. काढून त्याचं काय करायचं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

शेवंता आतल्या खोलीत घोंगडीवर पडली होती. धोंडिबानं दारात ओलं गोणपाट लावलं होतं, तरी आत भट्टी होती. ताईनं तपासलं, टाके बरे आहेत म्हणाली. शेवंतानं मला बघून हसायचा प्रयत्न केला आणि विचारलं, "तुमची मोटार बरी हाय का आता?"

तेव्हा मला राहवलं नाही. मी तिच्याजवळ खाली बसले आणि ताईला सांगितलं तेच तिलाही सांगितलं. सोप्या शब्दांत, काही न गाळता. टांगा दारात उभा होता, हेही सांगितलं. ती छपराकडे बघत ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं मान वळवली. माझ्याकडे नाही, ताईकडे.

"मोठ्या बाई, टांग्यानं आला असता तर त्यो जगला असता का?"

ताई तिच्या पायाशी बसली होती. तिला खोटं बोलता आलं असतं. दोन्ही बाजूंनी आलं असतं. नसता जगला म्हणाली असती तर मी सुटले असते. जगला असता म्हणाली असती तर निदान शेवंताला कुणावर तरी रागावता आलं असतं. ताई म्हणाली, "मला माहीत नाही, शेवंता. तो केव्हा गेला ते मला सांगता येत नाही. खरंच येत नाही."

शेवंतानं पुन्हा छपराकडे तोंड केलं. बाहेर तिची आई शेण्या रचत होती, त्यांचा आवाज येत होता. मग मला दिसलं की तिची चोळी समोरून ओली होत चालली आहे. घाम असेल असं मला आधी वाटलं. चौथा दिवस होता. दूध आलं होतं.

ताईनं बॅगेतून पांढऱ्या मांजरपाटाची लांब पट्टी काढली आणि म्हणाली, छाती बांधून टाकायला हवी, नाहीतर गाठी होतील. मग पट्टी तिनं माझ्या हातात दिली. मी शेवंताला उठवून बसवलं. तिनं दोन्ही हात वर केले, लहान मुलीला झबलं घालताना ती करते तसे. माझ्या नखांतलं काळं तिच्या अंगाला लागू नये म्हणून मी बोटं दुमडून पट्टी गुंडाळत होते, त्यामुळे ती सैल पडत होती आणि दूध पट्टीतून वर येत होतं.

"आवळून बांधा की, धाकट्या बाई," शेवंता म्हणाली. "अजून जरा. अजून."

मी आवळत गेले.